टेबलाचं कापड कुणी ताणावं

परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी पूलचं टेबल येतं तेव्हा ते बसवणारी माणसंही बहुतेक वेळा बाहेरूनच येतात. ती चौकट उभी करतात, स्लेटचे तुकडे जुळवतात, त्यावर कापड ताणून बसवतात, कुशन आवळतात आणि देवगिरी एक्स्प्रेसने परत जातात. टेबल इथेच राहतं. पुढे खेळ वाढतो तसं कापड झिजतं, ब्रेकच्या जागी पांढरे ठिपके पडतात, पॉकेटच्या तोंडाशी ते विरतं, मधेच कुठेतरी झोळ येतो, आणि नवं कापड घालायची वेळ येते. मग पुन्हा फोन, पुन्हा येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च, आणि माणूस येईपर्यंत त्याच विरलेल्या कापडावर चाललेला खेळ. मुंबई इथून रेल्वेने सुमारे साडेपाचशे किलोमीटर, हैदराबादही हाकेच्या अंतरावर नाही. माझं म्हणणं असं आहे की हे काम गावातल्या माणसांनी शिकून घ्यावं आणि स्वतःच्या हाताने करावं. पैसे वाचतात हे खरं, पण माझं मुख्य कारण ते नाही. कापडाचा ताण एकदा देऊन कायमचा राहत नाही. तो हवेबरोबर, ऋतूबरोबर, इथे तर जमिनीबरोबरही बदलतो, आणि म्हणून जो माणूस त्याच हवेत वर्षभर राहतो त्याच्याच हाती तो राखण्याचं काम असायला हवं.

हे पटायला आधी कापड नेमकं काय करतं ते पाहावं लागेल. क्यूने, म्हणजे खेळायच्या काठीने, पांढऱ्या चेंडूच्या बरोबर मध्यावर फटका मारला की चेंडू लगेच गडगडत नाही, आधी घसरतो. घसरताना कापड त्याला खालून अडवतं, त्यामुळे त्याचा वेग कमी होत जातो आणि फिरणं वाढत जातं. वेग मूळच्या पाच सप्तमांशावर आला की घसरणं थांबतं आणि चेंडू निखळ गडगडू लागतो. वाऱ्यांच्या वळणाशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्डच्या गणितावर एक अख्खा ग्रंथ लिहिला होता, इतकं या खेळातलं यंत्रशास्त्र सखोल आहे. पाच सप्तमांशाचा हा हिशेब कापड कोणतंही असो, तोच राहतो. बदलतं ते अंतर: घसरण संपून गडगडणं कुठे सुरू होणार, हे कापडाचं घर्षण ठरवतं. घर्षण एक पंचमांशाने वाढलं तर ते अंतर एक षष्ठांशाने कमी होतं. खेळाडूचं सगळं कसब या अंतराच्या अंदाजावर उभं असतं. चेंडू दुसऱ्या चेंडूला लागेल तेव्हा तो घसरत असेल की गडगडत असेल, यावर धडकेनंतर तो थांबणार, पुढे जाणार की मागे येणार हे अवलंबून असतं. कापड घट्ट असेल तर चेंडू त्यावरून हलका जातो. सैल असेल तर चेंडूखाली ते किंचित दबतं, पुढे किंचित उचललं जातं आणि चेंडूला प्रत्येक इंचाला ती चढण चढावी लागते. संपूर्ण टेबल सारखंच संथ असेल तर खेळाडू दोन-चार दिवसांत त्याला सरावतो. एका अंगाला ताण जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी असेल तर मात्र सराव करून काहीही शिकता येत नाही, कारण शिकण्यासारखा नियमच तिथे उरत नाही. म्हणून कापड किती घट्ट आहे यापेक्षा ते सगळीकडे सारखं घट्ट आहे का, हा पहिला प्रश्न असतो. नवखे लोक ताकद लावून कापड ओढतात आणि त्यात समाधान मानतात. ताकदीपेक्षा सारखेपणा कठीण असतो, आणि खेळाला तोच लागतो.

आता हे कापड कशाचं असतं? परभणी हा कापसाचा जिल्हा. सेलू, मानवत, जिंतूरच्या बाजारांत कापसाच्या गाड्या लागतात, १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांवर काम चालतं, आणि इथल्या माणसाच्या बोटांना सुती कापडाची ओळख जन्मापासून असते. पूलच्या टेबलाला मात्र सूत चालत नाही. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांप्रमाणे कापडात किमान ८५ टक्के विंचरलेली लोकर आणि जास्तीत जास्त १५ टक्के नायलॉन असायला हवं. बेल्जियममधल्या व्हर्व्हिए गावची सिमोनिस ही गिरणी १६८० पासून लोकरीच्या धंद्यात आहे आणि तिचं कापड आज जगभरच्या पूलच्या टेबलांवर दिसतं. लोकरच का, याचं उत्तर तिच्या तंतूत आहे. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. ओढला की तो लांबतो आणि सोडला की बऱ्याच अंशी पूर्वीच्या लांबीवर येतो. सुताचा तंतू थोडाच लांबतो, आणि लांबला की तसाच राहतो. म्हणजे सुती कापड टेबलावर कितीही जोर लावून ताणलं तरी काही दिवसांत ते ताण सोडून देईल. लोकर मात्र आत येण्याची ओढ कायम ठेवते, आणि स्लेटला चिकटून राहायचं तर हीच ओढ उपयोगी पडते. सुताची सवय असलेल्या हातांना हा फरक नव्याने शिकावा लागतो. पण लोकर मराठी मुलखाला परकी आहे असं कुणी समजू नये. दख्खनी मेंढीच्या जाड, काळसर लोकरीची घोंगडी धनगर आणि सणगर समाजाच्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या विणली आहे, चिंचोक्याच्या खळीने ती ताठ केली आहे, आणि पावसात भिजलेली घोंगडी किती जड होते व वाळताना कशी आवळते हे माळावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. टेबलाच्या कापडाची लोकर मेरिनोसारख्या मऊ जातीची असते, विणही बारीक असते, पण पाण्याशी तिचं नातं घोंगडीसारखंच असतं.

आणि माझ्या म्हणण्याचा गाभा या नात्यातच आहे. लोकर हवेतली वाफ शोषते. हाताला ओलसर न लागता ती स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी धरून ठेवू शकते. पाणी आलं की तंतू फुगतात, कापड किंचित पसरतं आणि ताण कमी होतो. हवा कोरडी झाली की ते आकसतं आणि ताण वाढतो. व्यावसायिक स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या स्लेटखाली हीटर बसवलेले असतात ते यासाठीच: कापड सतत कोरडं राहावं आणि पहिल्या दिवशी जसा चेंडू धावला तसाच शेवटच्या दिवशी धावावा. आपल्याकडची हलगी हाच धडा देते. आषाढात हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, आणि वाजवणारा ती जाळावर धरून शेकतो तेव्हा कुठे ती पुन्हा बोलू लागते. बाहेरगावच्या कुणी येऊन ती एकदा शेकून द्यावी आणि वर्षभर निभावून न्यावं, असं कुणाच्या मनातही येत नाही. परभणीची हवा तर टोकाची. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारच्या हवेतला ओलावा आटून जातो. जून ते सप्टेंबर वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो आणि भिंतींनाही घाम फुटल्यासारखं होतं. थंडीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत कधी कधी पाच अंशांच्याही खालचं तापमान नोंदलं जातं. अशा ठिकाणी कुणी मे महिन्यात कापड ताणलं, कोरड्या आकसलेल्या कापडावर हात फिरवून ते कसं घट्ट बसलं आहे हे दाखवलं आणि निघून गेला, तर जुलैत त्याच कापडात झोळ दिसणार. कुणी ऐन जुलैत, फुगलेल्या कापडावर सगळी ताकद लावली, तर मार्चपासून ते इतकं आवळेल की पॉकेटच्या कडेवर विण उघडी पडेल आणि स्टेपल उपसून येतील. दोन्ही वेळी ताणणाऱ्याचा हात वाईट होता असं नाही. पुढच्या ऋतूशी त्याचा संबंध नव्हता, एवढंच.

कापडाखालची गोष्ट तर याहून बिकट आहे, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. मराठवाड्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उन्हाळ्यातल्या त्या भेगांत हात जातो. या मातीतल्या चिकणमातीचे कण पाणी घेऊन सुजतात, पाणी गेलं की आकसतात. काळी माती पुरेशी खोदून, मुरूम भरून पाया घेतला असेल तर इमारत तग धरते, नाहीतर भिंतींना तिरक्या भेगा जातात आणि फरशी कुठे वर, कुठे खाली होते. बाजारपेठेतल्या तळमजल्याच्या गाळ्यात किंवा मागून वाढवलेल्या खोलीत टेबल ठेवलं असेल तर त्याचे पाय या मातीच्या श्वासावर उभे असतात. पूलच्या टेबलाची स्लेट लांबीच्या दिशेने साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणि रुंदीच्या दिशेने पाव मिलिमीटरपर्यंतच उंचसखल असलेली चालते, असं स्पर्धांचे नियम सांगतात. जी फरशी एका पावसाळ्यात डोळ्याला दिसेल इतकी हलू शकते तिच्यावर हा हिशेब टिकवायचा तर पाणसळ घेऊन दर ऋतूत टेबल तपासणारं कुणीतरी तिथेच असावं लागतं. आणि टेबलाची पातळी बिघडली की तिचा दोष कापडावर जातो: चेंडू एका अंगाला ओढला जातो, लोक म्हणतात कापड सैल झालं, नवं कापड येतं, आणि चेंडू तरीही त्याच अंगाला जातो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने वर्षभर पाहिल्या असतील तरच हा घोळ सुटतो.

काम कसं करायचं याबद्दलही थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ‘स्वतः करा’ असं नुसतं म्हणणं सोपं आहे. नऊ फुटी टेबलाच्या खेळायच्या भागाची लांबी १०० इंच आणि रुंदी ५० इंच असते. चांगल्या टेबलाची स्लेट तीन तुकड्यांची, इंचभर जाड असते आणि तिच्या कडेखाली लाकडाची पट्टी बसवलेली असते, तिच्यातच कापड टाचता येतं. कुशन सोडून बाजूला घेतले की जुनं कापड काढायचं आणि जुना प्रत्येक स्टेपल उपटून काढायचा. इथे घाई करणारे लोक पुढे पस्तावतात, कारण राहिलेल्या एका स्टेपलवर नवं कापड फाटू शकतं. मग स्लेटचे सांधे पाहायचे. ते मधमाशीच्या मेणाने भरलेले असतात. उन्हाळ्यात मेण बसलेलं असेल तर वितळलेलं मेण पुन्हा ओतायचं आणि थिजल्यावर धारदार पात्याने स्लेटच्या पातळीत तासायचं. बोट फिरवून सांधा लागला नाही पाहिजे. नंतर धूळ. परभणीत चैत्र-वैशाखात काळ्या मातीची धूळ दारं बंद असली तरी आत येते, आणि कापडाखाली राहिलेला एक खडा चेंडूला उडवतो. म्हणून स्लेट पुसायची, पुन्हा पुसायची आणि नव्या कापडाची घडी शेवटच्या क्षणी उलगडायची. कापडाचा पन्हा आणि लांबी कोणती, सुलटी बाजू कोणती, हे नीट पाहून चारही कडांचे मध्य खडूने खूण करून ठेवायचे. आधी एका आखूड बाजूला कापड सरळ रेषेत, हलक्या ओढीने टाचून घ्यायचं. मग समोरच्या आखूड बाजूला बरोबर मध्यावर ओढून एक स्टेपल, त्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, असं मध्यापासून कोपऱ्यांकडे जायचं. लांब बाजूंनाही तोच क्रम: मधल्या पॉकेटपासून सुरुवात, एकदा या अंगाला, एकदा समोरच्या अंगाला. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर कापड तिरकं ओढलं जातं, आणि कोणतंही विणलेलं कापड तिरक्या दिशेने सगळ्यात जास्त लांबतं. उभ्या-आडव्या धाग्यांची चौकट मग काटकोनी राहत नाही आणि ती वाकलेली वीण नंतर कितीही ओढून सरळ होत नाही. ओढणारा माणूस एकच असावा, टाचणारा दुसरा असला तरी चालेल, कारण दोन माणसांची ओढ सारखी नसते. शेवटी चिमटीने कापड उचलून पाहायचं. स्लेटपासून ते सहज सुटत असेल तर ताण कमी आहे. आणि मग एक चेंडू अगदी हळू, थांबता थांबता, वेगवेगळ्या दिशांनी सोडायचा. वेगाने जाणारा चेंडू दोष झाकतो, संथ चेंडू सगळं सांगतो.

कुशनवरचं कापड हा वेगळाच प्रकार आहे आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टनने लाकडाऐवजी स्लेट वापरायला सुरुवात केली आणि १८४५ च्या सुमारास गंधकाने पक्कं केलेलं रबर कुशनमध्ये आणलं. टेबलाचा आजचा सांगाडा त्या दोन बदलांतून आला आहे. कुशनच्या लाकडात एक खाच असते, तिच्यात कापडाची कड घालून लाकडाची बारीक पट्टी ठोकतात आणि कापड रबरावरून ओढून मागे टाचतात. फार ओढलं तर रबराचं नाक दबतं आणि चेंडू मेल्यासारखा परत येतो, कमी ओढलं तर कुशनवर सुरकुती राहते. पॉकेटच्या तोंडाशी घडी अशी पडायला हवी की तिची कड चेंडूला लागणार नाही. हे काम शिकायला वेळ लागतो हे मान्य केलंच पाहिजे, आणि सुरुवातीला कुशन जुनंच ठेवून फक्त तळाचं कापड बदलायला हरकत नाही.

यावर सगळ्यात सरळ आक्षेप असा की हे कसबी माणसाचं काम आहे. चांगलं लोकरी कापड महाग असतं, पॉकेटच्या जागी कात्री दोन बोटं जास्त गेली तर सगळं कापड वाया जातं, आणि शिकाऊ हाताला ते का द्यावं? आक्षेपातली सावधगिरी मला मान्य आहे आणि म्हणून सगळ्या कामाला मी एकच न्याय लावत नाही. स्लेट उचलणं, जागेवरून हलवणं हे घरच्या चार पोरांनी करायचं काम नाही. तिचा एकेक तुकडा नव्वद किलोच्या आसपास भरतो आणि वाकडा उचलला तर तडकतो. बारा फुटी स्नूकरचं टेबल तर वेगळंच जग आहे: त्याची स्लेट दुपटीच्या जवळपास जाड, सगळं टेबल टनाच्या वर, आणि कापडाला लव असते. ती लव बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या, टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे वळलेली ठेवावी लागते, त्याच दिशेने ब्रश मारावा लागतो, इस्त्री फिरवावी लागते. तिथे जाणत्या माणसाला बोलवावं, त्याच्या शेजारी उभं राहून पाहावं. पूलच्या बिनलवेच्या कापडाचं तसं नाही. त्यातला प्रत्येक स्टेपल उपटता येतो, ओढ पुन्हा देता येते. दुरुस्त न होणारी गोष्ट एकच, कात्रीचा काप, आणि तो सगळी ओढ जमल्यानंतर, सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. शिवाय ज्या हाताची इथे गरज आहे तो हात परभणीत आहेच. सोफा-कोचवर रेक्झिन चढवणारे, गाद्या शिवणारे, शिंपी, या सगळ्यांना कापडाची ओढ बोटांनी कळते. त्यांना स्लेट आणि लोकर या दोन गोष्टी नव्या आहेत, बाकी सगळं त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. पहिल्या वेळी जुन्या, काढून टाकलेल्या कापडावरच ताणून पाहिलं तर महाग कापडाला धक्का न लावता हात बसवता येतो.

याच उत्तरात दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर येतं. बाहेरून येणाऱ्या कारागिराची रोजी तुम्ही बुडवता, असं कुणी म्हणेल. शहरांत त्याला पुरेसं काम आहे, आणि दूरच्या गावातल्या कामासाठी त्याला प्रवासात दिवस घालवावे लागतात. ही विद्या गावातल्या एखाद्या कोचवाल्याच्या हाती आली तर जिल्ह्यात एका रोजीची भरच पडते, आणि त्या कारागिराला शिकवण्याचे पैसे मिळायलाच हवेत.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो घराघरांतून ऐकू येतो: ज्या जिल्ह्यात दुष्काळ आणि कर्जाने माणसं पिचली आहेत तिथे या साहेबी, पैजेच्या खेळाचं एवढं कौतुक कशाला? साहेबी म्हणाल तर स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या छावणीतच आकाराला आला असं मानलं जातं. परभणी ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होती त्याच्या राजधानीतल्या फलकनुमा महालात बिलियर्डची खोली आहे, हेही खरं, आणि तिथवर सामान्य माणूस पोचत नव्हता, हेही तितकंच खरं. पण खेळ महालात राहिला नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धा जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेलं ते पहिलं जगज्जेतेपद. १९६४ साली त्यांनी ते पुन्हा मिळवलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असं तीनदा ते जिंकलं. या राज्याला हा खेळ परका म्हणणं म्हणजे आपल्याच माणसांना विसरणं आहे. राहिला पैजेचा मुद्दा. १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना आपल्या कक्षेबाहेर ठेवलं आहे. कायद्याचा अर्थ न्यायालयांनी लावावा, पण त्यामागचा विवेक टेबलावर रोज तपासता येतो. जिथे चेंडू झोळात शिरून स्वतःच दिशा बदलतो तिथे चांगला आणि वाईट खेळाडू यांच्यातलं अंतर मिटतं आणि हार-जीत नशिबाकडे जाते. पैजेला असंच टेबल सोयीचं असतं. ज्या टेबलावर संथ सोडलेला चेंडूही सरळ जातो तिथे सराव करणाऱ्याला सरावाचं फळ मिळतं, आणि नशिबावर पैसे लावणाऱ्याला तिथे फारसं काही सापडत नाही. मुलगा पूल पार्लरमध्ये जातो म्हणून काळजी करणाऱ्या आईबापांची काळजी मी हलकी मानत नाही. मात्र तिथे तो काय शिकतो हे बरंचसं त्या टेबलाच्या कापडावर ठरतं, असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच मुलाच्या हाती दुसऱ्या दिवशी पाणसळ आणि मेणाची वाटी दिली, मध्यावरून ओढ कशी द्यायची हे दाखवलं, तर चेंडू का वळतो हे त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

स्वस्त कृत्रिम धाग्याचं कापड वापरून ही सगळी कटकट टाळता येते, असंही सुचवलं जातं. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, हा त्याचा गुण आहेच. पण त्यावर चेंडूची चाल वेगळी असते, जोराच्या फटक्याच्या घर्षणाने ते जागोजागी वितळून चकाकतं, आणि त्यावर सराव केलेला मुलगा पुण्या-मुंबईच्या स्पर्धेत लोकरीच्या कापडावर उभा राहिला की त्याचे अंदाज चुकतात. जिल्ह्याच्या खेळाडूला आधीच खूप अंतर कापावं लागतं, त्यात हे एक वाढवू नये.

वेळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. परभणीत कापड ताणायचं ते दिवाळीच्या मागेपुढे, पाऊस परतल्यावर आणि कडक थंडी पडण्याआधी. तेव्हा हवा दोन टोकांच्या मधे असते, जमीनही फुगून पूर्ण झालेली आणि भेगाळायला अजून सुरुवात व्हायची असते, त्यामुळे पाणसळीचा हिशेब काही महिने टिकतो. मेच्या अखेरीस एकदा आणि श्रावणात एकदा तपासणी करायची: संथ चेंडू, चिमूट, पाणसळ. आणि ताणताना कडेचं कापड स्लेटच्या बरोबरीने कापून टाकायचं नाही. पुन्हा न येणारा माणूस ते सफाईने कापतो, कारण त्याचं काम त्या दिवशी संपतं आणि ते नीटनेटकं दिसायला हवं असतं. इथे राहणाऱ्याने तीन बोटं कापड खाली दुमडून ठेवावं, म्हणजे पुढच्या भाद्रपदात झोळ आला तर स्टेपल उपटून, ती तीन बोटं धरून पुन्हा ओढता येईल.